नदीचे मूळ, ऋषीचे कूळ आणि घराची किंमत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला घर म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. घर म्हणजे खर्च, उसनवारी, गवंड्याशी वाद, शेजाऱ्याशी हद्दीची कुरबुर, आणि या साऱ्यांतून होणारी माणसाची परीक्षा. या म्हणीत भावना आहे, पण ती हिशोबाच्या वहीतून आलेली आहे. हे शहाणपण मराठी ललित वाङ्मयाने, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने, केव्हा आणि कसे गमावले याचा विचार व्हायला हवा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या साहित्यव्यवहारात घराबद्दल हळवे होण्याची मुबलक सोय आहे. मात्र ते घर कोणी घेतले, किती पैशांना, कोणत्या कागदावर, कोणाच्या नावाने, आणि ते उभे ठेवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हे प्रश्न विचारणे अरसिकपणाचे समजले जाते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात, त्याच यादीत घराची किंमतही जाऊन बसली आहे. हा संकेत निरुपद्रवी असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण त्याचे मोल राहत्या माणसांनी चुकते केले आहे आणि अजून करीत आहेत.

*

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वास्तू’ हा शब्द आपल्या समीक्षेचा विशेष लाडका. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, तिला स्मृती असते, ती पिढ्यांची साक्षीदार असते. तिला एक मालक असतो आणि त्याच्या नावे घरपट्टी येते, याचा उल्लेख सहसा होत नाही. याउलट बोलीने घडवलेले शब्द या बाबतीत कमालीचे प्रामाणिक आहेत. ‘बिऱ्हाड’ या शब्दात संसार आपला आणि भिंती दुसऱ्याच्या, ही सगळी व्यवस्था मावलेली आहे. मुंबईकर घराला ‘जागा’ म्हणतो. ‘जागा मिळाली का?’ या तीन शब्दांच्या प्रश्नात त्या शहराचे अर्ध्याहून अधिक अर्थशास्त्र येऊन जाते.

मोजण्याचे मापही असेच बोलके आहे. पुण्याच्या वाड्यात ‘दोन खणांची जागा’ भाड्याने मिळे. मुंबईच्या चाळीत ‘खोली’ आणि ‘डबल रूम’ होती. मग ‘ब्लॉक’ आला, ‘फ्लॅट’ आला, आणि आता फक्त चौरस फूट उरला. खण म्हटले की तुळया आणि खांब डोळ्यांपुढे येतात, खोली म्हटली की तीत झोपणारी माणसे. चौरस फूट म्हटला की दराखेरीज काहीही दिसत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठी माणसाच्या राहण्यात जे स्थित्यंतर झाले, ते या तीन मापांत नोंदलेले आहे. पदव्युत्तर वर्गांत शहरी संवेदनेवर इतके प्रबंध सादर होतात, पण या मापांच्या इतिहासावर कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

*

आता चाळीकडे येऊ, कारण हळवेपणाचे मुख्य पीठ तेच आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकाशी आमचे भांडण नाही. चाळीच्या भाबड्या अभिमानाची टर उडवण्याइतके ते तरतरीत आहे. आमचे भांडण आहे ते त्यातला उपहास गाळून केवळ शेवटचे चिंतन पाठ करणाऱ्या परंपरेशी. साठ वर्षे दिवाळी अंकांतून एकच लेख नाव बदलून छापला जात आहे: सामाईक गॅलरी, उघडी दारे, वाटीतून जाणारी भाजी, गणपतीचे दहा दिवस, आणि शेवटी ‘आता टॉवर झाला, माणसे हरवली’ हा निःश्वास.

ही चाळ इतकी स्वस्त कशी होती, हा प्रश्न त्या लेखांत येत नाही. त्याचे उत्तर १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. युद्धकाळातल्या टंचाईतून आलेल्या या कायद्याने जागांचे ‘प्रमाणित भाडे’ १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. हेतू निर्विवाद चांगला होता: निर्वासित आणि कामगार यांनी भरलेल्या शहरात भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे. पण ही मुदतीची तजवीज पुन्हा पुन्हा वाढवत नेली गेली. महागाई वाढली, चुना-सिमेंट महागले, भाडे तिथेच राहिले. मालकाने दुरुस्ती थांबवली. त्याच्या दृष्टीने इमारत पडणे हाच तिचा एकमेव फायदेशीर उपयोग उरला. भाडेकरूही दुरुस्तीला हात घालीना, कारण भिंत त्याची नव्हती. शेवटी १९६९ साली सरकारने कायदा करून या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीचे मंडळ नेमले. तेव्हा मुंबई बेटावर अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या.

म्हणजे ज्या ऊबदार सहजीवनाचे गोडवे गायले जातात, ते गोठलेल्या भाड्यावर आणि न केलेल्या दुरुस्तीवर उभे होते. गॅलरीला लावलेले लाकडी टेकू हे त्या सहजीवनाचेच खांब होते. दर पावसाळ्यात कुठेतरी एक इमारत कोसळते. २०१७ च्या ऑगस्ट अखेरीस भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. तिला नोटीस नव्हती असे नाही, तिच्या पुनर्विकासाची योजना नव्हती असेही नाही. माणसे मात्र आत होती. अशा इमारतींवर स्मरणरंजन लिहिणाऱ्याने निदान टेकू कोणी लावले आणि कोणी लावायला हवे होते, एवढे तरी विचारावे.

याच व्यवस्थेतून ‘पागडी’ जन्मली. भाडे गोठलेले असल्यामुळे जागेची खरी किंमत दुसरीकडून वाहू लागली. जुना भाडेकरू नव्याकडून रोख रक्कम घेई, मालक त्यातला आपला वाटा, रूढीने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, घेई, आणि पावती नव्या नावावर फाडून देई. हा सारा व्यवहार अनेक दशके बेकायदेशीर होता आणि अनेक दशके सर्रास होता. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी ठरले आहे असे म्हटले. त्यानंतर आलेल्या, ३१ मार्च २००० पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वार्षिक चार टक्के वाढ मान्य केली आणि पागडीचे घेणे-देणेही कायदेशीर ठरवले. पन्नास वर्षे शहरातली लाखो कुटुंबे मालक नाहीत आणि निव्वळ भाडेकरूही नाहीत, अशा अर्धवट स्थितीत जगली. कादंबरीसाठी याहून समृद्ध नैतिक प्रदेश कोणता? रोख रकमेची पुडकी, तोंडी शब्दावरचा विश्वास, पावतीवर कोणत्या मुलाचे नाव चढणार यावरून भावाभावांत आलेले वितुष्ट. आपल्या कथेने यातले किती टिपले? चाळीचे नळ आणि भांडणे पुष्कळ आली. पावती क्वचितच आली.

*

दुसरे उदाहरण एका वाक्याचे. ‘मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला.’ हे वाक्य भाषणांत, अग्रलेखांत, परिसंवादांत आणि आता विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही भेटते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी या कर्मणी रचनेकडे लक्ष द्यावे. यात कर्ता नाही. कर्ता नसला की आरोपही कोणावर नसतो, उरतो तो विलाप.

खरे तर या वाक्यात दोन वेगवेगळ्या हकीकती कोंबल्या आहेत. पहिली गिरणगावची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर कामगार देशोधडीला लागला आणि गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली, आणि बहुतेक जमीन तर इमारतींखालीच होती. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. इथे ‘फेकला गेला’ याला कर्ता आहे, वर्ष आहे, नियमाचा क्रमांक आहे. मग तो नोंदवायचा का नाही? कर्ता लपवणारी रचना इथे सत्ताधाऱ्यांच्या सोयीची आहे.

दुसरी हकीकत निराळी आहे. तिच्यात कोणी कोणाला फेकलेले नाही. दादर-गिरगावातल्या एका खोलीच्या पागडीत डोंबिवलीला किंवा विरारला दोन मुलांसाठी दोन फ्लॅट होत होते. कुटुंबाने बसून हिशोब केला, खोली विकली, दोन फ्लॅट घेतले. या निर्णयात शहाणपण होते, सुटका होती, सामाईक संडासापासून मुक्ती होती आणि पुढच्या तीस वर्षांचा लोकलचा प्रवासही होता. ती विक्री होती. तिला हद्दपारी म्हणणे म्हणजे त्या माणसांकडून त्यांचा निर्णय काढून घेणे. ज्याला साहित्याची जाण आहे त्याने निर्णय घेणाऱ्या पात्राला आणि बळी गेलेल्या पात्राला एकाच शब्दात गुंडाळू नये, एवढी अपेक्षा फार नाही.

*

स्मरणरंजनात आणखी काय गळते? सगळ्यांची दारे उघडी होती हे खरे धरले, तरी कोणाला खोली मिळतच नव्हती हा प्रश्न उरतो. बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्याच्या शीर्षककथेत परगावी रेल्वेत नोकरीला गेलेल्या तरुणापुढे राहण्याचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच दमात उभा राहतो. योगायोग असा, की फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांना वेसण घालणारा महाराष्ट्राचा पहिला कायदा, मालकी सदनिकांचा, तोही १९६३ चाच. एका दस्तऐवजात खरेदीदाराचे हक्क लिहिले गेले, दुसऱ्यात खरेदीदाराच्या रांगेत उभेच राहू न दिलेल्याची कैफियत. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक्रम आम्हाला अजून दिसलेला नाही. प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणेल, तर त्याने २००५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवावा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा केलेला उपविधी त्या निकालाने वैध ठरवला. कोण शेजारी होणार याचे उत्तर आजही उपविधींच्या पुस्तिकेत असते, ललित लेखात नसते.

आणि ‘माहेर’? घराविषयीचा मराठीतला सर्वांत ओथंबलेला शब्द हाच असावा. ओव्यांपासून बहिणाबाईंपर्यंत आणि तिथून आजच्या कवितेपर्यंत माहेराची वाट किती वेळा चालून झाली! पण माहेराशी निगडित सर्वांत महत्त्वाचा लिखित मजकूर कोणता, असे विचारले तर उत्तर ‘हक्कसोडपत्र’ असे द्यावे लागेल. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. तेव्हापासून आजवर वडील गेल्यावर, किंवा जुने घर विकासकाला देताना, बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावून घेतले जाते. बहुतेक जणी सही करतात. भाऊबीज चालू राहावी, येणे-जाणे तुटू नये म्हणून करतात. सही न करणारीला काय ऐकावे लागते हे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ साली राज्याने स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. घराच्या कागदावर बाईचे नाव यावे म्हणून सरकारला आमिष दाखवावे लागते ही स्थिती आहे. माहेरची कविता शिकवताना तिच्या शेजारी हक्कसोडपत्राचा नमुना ठेवला, तर कविता मरणार नाही. उलट त्या आर्ततेचा अर्थ कळेल: जिथे हक्क नाही तिथे ओढच उरते.

*

आता वर्तमानाकडे. आज मुंबई-पुण्यात घराचा प्रश्न म्हणजे प्रामुख्याने पुनर्विकासाचा प्रश्न आहे, आणि पुनर्विकास ही मुळात वाचनाची परीक्षा आहे. करारनामा, ताबा, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण, कॉर्पस फंड. या मजकुराची मराठी पाहा. ‘डीम्ड कन्व्हेअन्स’ला शासकीय प्रतिशब्द ‘मानीव अभिहस्तांतरण’. हा शब्द उच्चारून सभेत कोणाला काही कळल्याचे आम्ही पाहिलेले नाही. अर्थ साधा आहे: बिल्डरने इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते, तो करीत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनुसार सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन ती नावावर करून घेता येते. ती नावावर नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा मालक म्हणून दुसराच कोणी येऊन उभा राहतो. असंख्य सोसायट्या आजही अशा आहेत, की भिंती त्यांच्या आणि पायाखालची माती कागदोपत्री परक्याची. म्हणजे पुन्हा बिऱ्हाडच!

किंवा ‘चटई क्षेत्र’ घ्या. भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जमीन, म्हणजे कार्पेट एरिया, हेही चटई क्षेत्र. आणि भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचा निर्देशांक, म्हणजे एफएसआय, तोही चटई क्षेत्र निर्देशांक. एकाच चटईवर दोन भिन्न कल्पना बसवल्या आहेत. पहिलीत रहिवाशाचा लाभ मोजला जातो, दुसरीत विकासकाचा. सभासदाला वाढीव चटई क्षेत्राचे आकडे सांगितले जातात तेव्हा कोणती चटई चालली आहे हे त्याला विचारता आले पाहिजे. पारिभाषिक शब्दांच्या काटेकोरपणावर चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठी विभागांना हा शब्द कधी खटकला नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

१ मे २०१७ पासून अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याच्या व्यवस्थेने खरेदीदाराला पुष्कळ दिले आहे. विक्री कार्पेट क्षेत्रावरच, नोंदणीकृत करारनाम्याविना किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई, जमा पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षे जबाबदारी. पण हे हक्क ज्या करारनाम्यात उतरतात तो वाचावा लागतो. शंभर पानांचा मजकूर समोर येतो, ‘इथे सही करा’ म्हणून पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले जाते, आणि आयुष्यभराची कमाई एका न वाचलेल्या ग्रंथाला वाहिली जाते.

आणि घर मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या: १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर. शंभर वर्षांच्या सामाईक संडासातून सुटलेल्या या लोकांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. तो आनंद न्याय्य आहे. पण उद्वाहक, पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी यांच्यासह उंच इमारत चालवणे खर्चाचे असते. समजा, कोणत्याही टॉवरमध्ये देखभाल महिन्याला चौरस फुटामागे दहा रुपये धरली, तर पाचशे फुटांचे पाच हजार होतात. ज्या घरात पेन्शन तुटपुंजी आहे आणि मुलाची नोकरी कंत्राटी आहे, तिथे ही रक्कम कोण भरणार? कॉर्पसचे व्याज पुरेल तोवर पुरेल. त्यानंतर घर विकून पुढचे स्टेशन गाठायचे, आणि मग आपण पुन्हा लिहायला मोकळे: ‘मराठी माणूस फेकला गेला.’

*

इथे एक आक्षेप संभवतो. साहित्य म्हणजे मुद्रांक कचेरी नव्हे. कलावंताने चौरस फूट मोजावेत काय? याला उत्तर म्हणून आम्ही सिद्धांत मांडत नाही, दोन नाटके पुढे ठेवतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) वर्गात ‘सरंजामी मूल्यांचा ऱ्हास’ या मथळ्याखाली शिकवले जाते. ते पुन्हा वाचावे. वडील गेले आहेत आणि तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावर नाटक उभे आहे. दागिने कोणाच्या ताब्यात, मुंबईच्या भावाने किती द्यायचे, अंगणात गंजलेल्या ट्रॅक्टरचे काय, शिकू न दिलेल्या बहिणीच्या वाट्याला काय, हे सगळे हिशोब पात्रांच्या तोंडून होतात. तो हिशोब काढून घेतला तर शोकांतिका शिल्लकच राहत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (१९९७) संप फसल्यानंतरचे गिरणी कामगाराचे घर दाखवले, तेही चाळीच्या आठवणींचे तोरण न बांधता. त्या खोलीत कमाई नाही, आणि म्हणून माया कशी वळणे घेते हे दिसते. मराठीला हे करता येत नाही असे नाही. समीक्षेला ते दिसत नाही, कारण तिचे डोळे ‘वास्तू’च्या आठवणीने पाणावलेले असतात.

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापाशी एक कसब असते, जे वकिलाकडेही असतेच असे नाही. शब्द कोणासाठी वापरला आहे, क्रियापदाचा कर्ता कुठे गेला, ‘शक्यतो’, ‘साधारणतः’, ‘विकासकाच्या मर्जीनुसार’ अशी पदे वाक्यात नेमकी कुठे पेरली आहेत, हे ओळखण्याचे कसब. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलणारा प्राध्यापक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मात्र शेवटच्या खुर्चीवर बसून ‘मला यातले काही कळत नाही’ म्हणतो, आणि हे अज्ञान आपल्या सुसंस्कृतपणाचा पुरावा म्हणून मिरवतो. ते मिरवणे आता थांबावे. २०१९ च्या सुधारित कार्यपद्धतीनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीने इमारतीचा पुनर्विकास ठरू शकतो. त्या सभेत जो मजकूर वाचला जाणार आहे, तो समजून घेऊ शकणारी माणसे त्या इमारतीत आहेत की नाहीत यावर चौथ्या मजल्यावरच्या एकट्या म्हातारीचे छप्पर अवलंबून आहे.

तेव्हा आमची मागणी माफक आहे. चाळीवरचा पुढचा हळवा लेख छापण्याआधी संपादकाने लेखकाला विचारावे: भाडे किती होते, पावती कोणाच्या नावे होती, खोली कितीला गेली आणि बहिणीला त्यातले काय मिळाले? ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना फळ्यावर एकदा तेराव्याच्या खर्चाचा जमाखर्च मांडावा. आणि व्यावहारिक मराठीच्या पेपरात अर्जलेखनाचे दहा गुण ठेवलेले असतात, तिथे एखाद्या करारनाम्यातला एक परिच्छेद देऊन एवढेच विचारावे: ‘या वाक्यात जबाबदारी कोणाची आहे, ते सांगा.’